सांबाराच्या गादीवरचं मशीन

माझ्या संगणकातल्या सॉफ्टवेअरबद्दल माझी ठाम मतं आहेत आणि ती ऐकून घ्यायला घरात कुणीही तयार नाही. मुलगा म्हणतो, "आई, अपडेट आलं की मुकाट्यानं करून टाकत जा." सून म्हणते, "तुम्ही फोनवर नुसतं बोला ना, तो आपोआप लिहितो." नातीला तर संगणक टेबलावर ठेवून, त्याच्यापुढे खुर्चीत ताठ बसून वापरायचा असतो, हेच पटत नाही. मी मात्र तसंच बसते आणि हे प्रकरणही तसंच लिहिते आहे, जुन्या टाइपरायटरचा कीबोर्ड त्यात बसवून घेऊन. माझं पहिलं मत असं, की ज्या शहाण्यानं छापायचं बटण एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, त्याच्या घरातलं मिठाचं भांडं रोज कुणीतरी हलवून ठेवावं. दुसरं मत असं, की "तुम्हाला नक्की बंद करायचं आहे का?" असं विचारणारं सॉफ्टवेअर मला आवडतं. लोक त्याच्यावर चिडतात, मी चिडत नाही. मला विचारून झालेल्या गोष्टी माझ्या लहानपणी फार थोड्या होत्या. आणि सगळ्यांत पक्कं मत कंट्रोल-झेडबद्दल. दोन बटणं दाबली की केलेलं न केलेलं होतं! मी तर दिवसातून कितीदा तरी ती दाबते आणि दर वेळी मनातल्या मनात हुश्श म्हणते. "आमच्या वेळची मशीनं म्हणजे मशीनं होती" असं म्हणणारी माझ्या वयाची मंडळी भेटतात, त्यांना मी एवढंच सांगते: बाबांनो, एकदा पाण्यानं निथळणाऱ्या टाइपरायटरवर सरकारी परीक्षा देऊन या, मग बोला.

मी दिली आहे. ती कशी दिली, ते सांगते.

आमचा मळा मालेगावच्या कडेला, वाशीमच्या रस्त्याला लागून. भाजीपाला हेच आमचं सगळं. वांगी, पालक, मेथी, आणि बारा महिने सांबार. कोथिंबीर म्हणतात त्याला, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं मोठा आंबा. खरं घर ते आंब्याखालीच. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं, त्याचा धडधडाट सकाळी सुरू झाला की माय भाकरी थापायला बसायची आणि दोन्ही आवाज एका तालात चालायचे. भाकर, त्यावर अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी. उन्हाळ्यात कैरीचा ठेचा आणि कांदा बुक्कीनं फोडून. आजही माझ्या जिभेला दुसरं काही जेवण वाटतच नाही. डॉक्टर नाही म्हणतात, ते जाऊ द्या.

बाबा, म्हणजे माझे वडील किसनराव, बोलायला कमी आणि कामाला वाघ. त्यांचा उजवा हात सदा ओला. पहाटे कापलेला पाला बाजारात पोचेपर्यंत हिरवागार राहिला पाहिजे, हा त्यांचा धर्म होता. पाल्याच्या जुड्या गाडीत रचायच्या, वरून तरट टाकायचं आणि तरटावर पाण्याचा हबका मारायचा. बाजारात बसले तरी बादली शेजारी आणि हात बादलीत. गिऱ्हाईकाशी बोलता बोलता हात आपला शिंपतच राहायचा. मायला राग आला की ती म्हणायची, "या मानसाले झोपेत बी पानी मारता येते." आणि ते खरं होतं, मी पाहिलं आहे. खाटेवर झोपलेले बाबा बोटं झटकायचे.

टायपिंगचं खूळ मायचं. तहसिलीत कसल्याशा दाखल्यासाठी ती गेली होती, तिथं एक बाई खुर्चीत बसून मशीन वाजवत होती आणि मोठमोठे पागोटेवाले तिच्यापुढं उभे होते. माय घरी आली ती तेच बोलत. "बसून होती वं ती! अन् मानसं उभे!" मॅट्रिक झाल्यावर तिनं मला हाताला धरून शेठजींकडे नेलं. शेठजी जैन, खाली कापडाचं दुकान आणि वर माडीवर टायपिंगचा क्लास. इंग्रजीची दोन-तीन मशीनं आणि मराठीचं एकच. ते एकच मशीन शेठजींचा जीव की प्राण. पाणी ते गाळल्याशिवाय प्यायचे नाहीत आणि दिवस मावळायच्या आत त्यांना जेवावं लागे, म्हणून क्लासही दिवस मावळायच्या आत बंद. शेवटच्या बॅचचं वाक्य अर्ध्यावर असलं तरी शेठजी टाळी वाजवायचे आणि आम्ही उठायचो. माय त्यांच्या घरी भाजी पोचवायची, पण कांदा-मुळा-गाजर वगळून. "जमिनीखालचं त्याईले चालत नाही," असं ती मला दटावून सांगायची, जणू मीच चोरून टोपलीत गाजर टाकणार होते.

त्या मशीनवर निम्मी अक्षरं पूर्ण यायचीच नाहीत. ग मारला की अर्धा ग उमटायचा, त्याला काना जोडला की झाला ग. म त्याच्यासारखाच, त त्याच्यासारखाच. म्हणजे सगळ्या मशीनमध्ये सगळ्यांत जास्त राबणारी कळ कान्याची. करंगळीनं जोर लावायचा तर लागायचा नाही, बोट दुखून यायचं. ओळ संपत आली की टिंग करून घंटी व्हायची, मग कॅरेज ढकलून परत आणायचं. चूक झाली तर गोल रबर, रबरानं कागदाला भोक, आणि भोकातून शेठजींचा डोळा. "हे काय वं, सुमन? कागद हाये का चाळनी?" आता माझ्या संगणकात चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ येते. ती मला मुळीच आवडत नाही. माझ्या गावाकडचे निम्मे शब्द तिला चूक वाटतात. पण ती रेघ बिचारी मुकी आहे, चारचौघांत बोलत नाही, एवढं तिच्या बाजूनं मी सांगेन.

मला ते मशीन आवडू लागलं. का, ते सांगता येत नाही. मळ्यात मी निंदण करायचे, खुडायचे, टोपल्या उचलायचे, पण त्या कामात माझं असं काही नसायचं. संध्याकाळी सगळी भाजी विकून जायची नाहीतर गुरांपुढं पडायची. मशीनवर मात्र मी एक ओळ मारली की ती ओळ तिथं राहायची. मी घरी येऊन चुलीपुढं बसायचे आणि मांडीवर बोटं नाचवायचे. माय बघायची आणि काही न बोलता हसायची.

आता मधली अडचण. बाबांची बहीण, माझी शांताआत्या, वाशीमला राहायची. तिचा मुलगा माझ्याहून थोडा मोठा, स्वभावानं गरीब, व्यसन नाही. आत्याच्या घरी भाची सून म्हणून जाते, त्यात आमच्याकडे विचारण्यासारखं काही नसतं. बाबांच्या मनात ते पक्कं होतं. मायच्या मनात नव्हतं. माझ्या मनात काय आहे, हे कुणी विचारलं नाही, आणि मला आतेभावाबद्दल वाईट काही वाटतही नव्हतं. पण लग्न झालं की मशीन सुटणार हे मला दिसत होतं. शेवटी मायनं आणि बाबांनी आंब्याखाली बसून तोड काढली. बाबा म्हणाले, "परीक्षा देऊ दे तिले. पास झाली तं नोकरीचं पाहू, शांतीले नाही म्हनू. नापास झाली तं याच साली बार उडवू. मंग कोनी कुरकुर नाही कराची." माय म्हणाली, "कबूल." मी आत पीठ चाळत होते. चाळणी थांबली, एवढाच माझा कबुलीजबाब.

परीक्षेचं केंद्र वाशीमला, एका शाळेत. तेव्हाची रीत अशी, की मशीनं परीक्षार्थींनी आपली आपण न्यायची. इंग्रजीची मशीनं कुणाकुणाची मिळायची, पण मराठीचं शेठजींचंच न्यायला हवं होतं आणि मराठीची मी एकटीच. एस.टी.च्या टपावर ते ठेवायला शेठजी तयार होईनात. "टपावर टाकलं तं वाशीम येईलोक त्याच्या बत्तिशीतला एक दात जाग्यावर राह्यनार नाही," ते म्हणाले. मांडीवर घेऊन बसावं तर कंडक्टर बसू देणार नाही. दोन दिवस मशीन कसं न्यायचं याच विचारात गेले. मग बाबाच म्हणाले, "मी बाजाराले गाडी घेऊन चाललोच हावो. सांबाराची गादी करतो, त्याच्यावर ठेवतो. हादरा बसन कायले? पोटातल्या लेकरावानी नेतो." ज्या माणसाला मी नापास झालेली चालली असती, तो हे म्हणाला. मला किती बरं वाटलं!

परीक्षेच्या आदल्या दिवशी पहाटे शेठजी स्वतः मळ्यात आले. गाडीत सांबाराच्या जुड्या पसरल्या होत्या, त्यांचा वास सगळ्या मळ्यात. मशीन अलगद त्यावर ठेवलं. रस्त्याची धूळ आत जाऊ नये म्हणून शेठजींनीच तरट मागितलं आणि स्वतःच्या हातानं चारी बाजूंनी खोचलं. मशीनभोवती आणखी जुड्या रचल्या, त्यांच्यावरही तरट. लांबून पाहिलं तर सगळी गाडीच भाजीची. आम्हा तिघांनाही, शेठजींनाही, त्यात काही वावगं दिसलं नाही. आता वाटतं, कुणीतरी एकानं तरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. पण कुणाच्या डोक्यातच आलं नाही, त्याला काय करणार?

मी आणि माय दुपारच्या एस.टी.नं निघालो. वैशाखाचं ऊन, खिडकीची पट्टी हाताला चटका देणारी. वाशीमच्या अलीकडे आमच्या बसनं बाबांच्या गाडीला मागं टाकलं. रस्त्याकडेच्या एका विहिरीवर बाबा पाणी शेंदत होते. मी खिडकीतून हात हलवला, त्यांनी बादली उंच करून दाखवली आणि हसले. मला वाटलं, बैलांसाठी असेल. मायला म्हटलंसुद्धा, "बाबा पाय, बैलाईची किती काळजी घेते."

दिवस कलला तेव्हा गाडी आत्याच्या दारात आली. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. बाबा धुळीनं पांढरे झाले होते, पण चेहरा असा फुललेला, की जणू लग्नातली वरात घेऊन आलेत. "पाय सुमे," ते म्हणाले, "येवढ्या उन्हातून आलो, पन एक काडी सुकू देली नाही. दर विहिरीवर थांबलो." आणि त्यांनी तरट उचललं. सांबार खरंच हिरवागार होता. मधोमध मशीन होतं आणि त्याच्या कळांमधून पाणी ठिबकत होतं. रस्त्याची धूळ तरटातून आत गेली होती, तिचा पाण्यात चिखल झाला होता, आणि तो चिखल अक्षरांच्या दांड्यांमध्ये बसला होता. कॅरेजवर सांबाराची दोन-चार पानं चिकटली होती. बाबा आधी हसतच होते. मग त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे पाहिलं. "माय वं," ते म्हणाले, "म्या याच्यावर बी मारलं."

मी हातानं कळा पुसायला लागले. माय बोलली, आणि ती जे बोलली ते मला आजही ऐकू येतं. "मुद्दाम केलं तुमी! बहिनीच्या घरी पोरगी टाकाची होती तुमाले, म्हून केलं!" आत्या तिथंच उभी होती, तांब्या हातात घेऊन. बाबा इतकी वर्षं मायला काही ना काही उत्तर द्यायचे, निदान "हाव, हाव" तरी म्हणायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी बैल सोडले, बैलांना पाणी दाखवलं आणि भिंतीशी जाऊन उकिडवे बसले.

पहिल्यांदा हलली ती आत्या. तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आणि मायला म्हणाली, "वहिनी, भांडन मंग करजो. पहिले ह्याले उचला." तिनं मशीन चुलीजवळ नेऊ म्हटलं तेव्हा मी तिला अडवलं. रोलर रबराचा, आच लागली तर फुगेल, हे मला ठाऊक होतं. "मंग फुकनी आन," आत्या म्हणाली. आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर फुंकायची ती लोखंडी फुंकणी घेऊन माझी आत्या मशीनसमोर पाटावर बसली. एकेका दांडीच्या मुळाशी नळी लावायची आणि गाल फुगवून फू करायचं. पाणी, चिखल, पानं, सगळं भसाभस बाहेर. मी कडुलिंबाच्या काडीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून मागोमाग पुसत गेले. माय घासलेटची बाटली घेऊन बसली, थेंब थेंब सोडायला. मध्येच दम लागला तेव्हा आत्या थांबली आणि मायकडे पाहून म्हणाली, "वहिनी, एक गोष्ट सांगतो तुमाले. माह्या घरात सून आली तं वाजतगाजत येईन. नापास झालेली पोट्टी दावनीले बांधाले मी कसाई नाही." माय मान खाली घालून थेंब सोडत राहिली. पुढं आत्यानं आयुष्यभर माझ्यावर जीव लावला आणि तिच्या सुनेवरही लावला, पण मला तिच्याबद्दल काहीही विचारलं तरी आधी तिचे ते फुगलेले गाल आठवतात.

बाबा एकदाच उठून आले. दिवा लावायची वेळ झाली होती, ते कंदील घेऊन आले आणि आम्हाला दिसेल असा धरून उभे राहिले. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "मी काही करू काय?" माय म्हणाली, "नका. हात नका लावू." त्यांनी कंदील खुंटीला अडकवला आणि परत भिंतीशी जाऊन बसले. आत्यानं पिठलं-भाकर वाढली, बाबांनी ताटाला नमस्कार केला आणि ताट बाजूला सारलं.

सकाळी मशीन अंगणात उन्हात ठेवलं, चारी बाजूंनी फिरवून, पापड वाळवतो तसं. रिबन मी निराळी वाळत घातली होती. तिची शाई तेलकट, म्हणून पाण्यानं उतरली नव्हती, हे मोठं नशीब. कागद लावून पाहिलं. अक्षरं उमटत होती. दांड्या जात होत्या आणि परत येत होत्या. सगळ्या, एक सोडून. कान्याची दांडी जायची, पण परत यायला कंटाळा करायची. दुपारी झोपलेल्या माणसाला हाक मारावी तशी, येतो येतो करत यायची. सगळ्या मशीनमध्ये नेमका काना! मी रडकुंडीला आले.

केंद्रावर शेठजी पहिल्या बसनं येऊन उभे होते. आम्ही हातगाडीवरून मशीन उतरवलं. काही सांगायचं नाही असं मायचं आणि आत्याचं ठरलं होतं. पण बाबा पुढं झाले. बाजार सोडून आले होते, सांबार आत्याच्या अंगणात तसाच पडला होता. त्यांनी हात जोडले. "शेठजी, म्या मशीनवर पानी शिंपलं. भाजी समजून. माहीच चूक हाये, पोरीची नाही." आजूबाजूची दहा-बारा पोरं बघायला लागली. शेठजींचा चेहरा उतरला. ते खाली बसले, चष्मा पुसला, कळा एकेक करून दाबल्या, नाक मशीनला लावून वास घेतला. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "किसनराव, गाळून तरी शिंपलं होतं काय?" पोरं खो खो हसली. आत्या हसली, माझ्याही तोंडून हसू फुटलं आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं. बाबा तेवढे हसले नाहीत. शेठजींनी खिशातून तेलाची इवलीशी बाटली काढली, कान्याच्या बुडाशी थेंब सोडला, आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "कान्याले मारू नको. त्याले येऊ दे. बाकीचे घोडे पळवतीन, तू बैलगाडी चालव."

हॉलमध्ये घंटा झाली आणि एकदम टिनावर गारा पडाव्यात तसा आवाज सुरू झाला. माझ्यापुढचा उतारा सहकारी संस्थांच्या कर्तव्यांचा होता, त्यातला एक शब्दही मला तेव्हा कळला नाही. मी हळू निघाले. अर्धा ग, काना, थांब. अर्धा स, काना, थांब. पहिल्या दोन ओळी होईपर्यंत शेजारचा मुलगा पान उलटायला आला होता. घाई करावी असं फार वाटलं, फार. पण घाई केली असती तर पुढचं अक्षर परत येणाऱ्या कान्याच्या अंगावर गेलं असतं आणि दोन दांड्या एकमेकीच्या गळ्यात पडल्या असत्या. मग सोडवत बसा. तसं शेजाऱ्याचं झालंच, त्याच्या चांगल्या कोरड्या मशीनचं. मी थांबत थांबत गेले आणि थांबल्यामुळे चुका होईनात. मध्येच परीक्षक माझ्यामागून गेले, थबकले, दोनदा नाक ओढलं. "इथं सांबार कुणी आणला?" मी मान वर केली नाही. उन्हानं तापलेल्या मशीनमधून सांबार आणि घासलेट असा मिळून वास येत होता.

आता माझा संगणक कधी अडतो, पडद्यावर ते चाक गरागरा फिरत राहतं, तेव्हा घरचे सगळे धावत येतात आणि उंदीर आपटतात, बटणं बडवतात. मी त्यांना म्हणते, सरा बाजूला. हात मांडीवर ठेवते आणि थांबते. अडलेल्या यंत्राला आणखी दहा हुकूम सोडले तर ते दहाच्या दहा पोटात साठवून ठेवतं आणि मग एकदम ओकतं, हा माझा कितीतरी वर्षांचा अनुभव आहे. मुलगा म्हणतो, आईच्या समोर कम्प्युटर आपोआप नीट होतो. होतो खरा.

शेवटचा पूर्णविराम मारला आणि घंटा झाली. पुढं मागं काही नाही, अगदी लागून. बाहेर आले तर माय पायरीवर बसली होती, ती माझ्या तोंडाकडे बघून उठलीच नाही. मी म्हटलं, "झाला पूर्ण." तिनं पदरात तोंड घातलं. बाबांनी जवळ येऊन एवढंच विचारलं, "मशीन?" म्हटलं, चांगलं आहे. ते "हाव" म्हणाले आणि बैल जुंपायला गेले.

निकाल यायला बराच वेळ लागला. या सगळ्या दिवसांत घरात भांडण नव्हतं, काही नव्हतं. माय वाढायची, बाबा जेवायचे, दोन घास खाऊन उठायचे. पण त्यांनी बादलीला हात लावणं सोडलं. जुड्या रचून झाल्या की बादली माझ्याकडे सरकवायचे आणि स्वतः इंजिनाकडे जायचे. मायनं एकदा मुद्दाम म्हटलं, "अवो, सुकून राह्यलं ना, मारा ना पानी." ते म्हणाले, "सुमी मारते." मायचं तोंड एवढंसं झालं. तिला काहीतरी बोलायचं असायचं, मी पाहत होते. भाकर थापता थापता ती थांबायची, बाबांच्या पाठीकडे बघायची आणि पुन्हा थापायला लागायची. आमच्याकडे बायका नवऱ्याची माफी मागत नाहीत, त्यासाठी शब्दच कुणी शिकवलेले नसतात. मी पास होणं आता माझ्या एकटीचं राहिलं नव्हतं. नापास झाले असते तर बाबा आयुष्यभर खोटे ठरले असते, मायपुढं आणि स्वतःपुढंही. ते मला कळत होतं आणि काही करता येत नव्हतं.

एका दुपारी शेठजी मळ्यात आले. भर उन्हात, डोक्यावर उपरणं टाकून, चालत. ते असे कुणाच्या वावरात जाणाऱ्यांतले नव्हते. पायाखाली किडा-मुंगी येईल म्हणून बघून बघून पाऊल टाकत येत होते, त्यामुळे बांधापासून आंब्यापर्यंत यायला त्यांना इतका वेळ लागला, की तोवर आमचा जीव टांगणीला. बाबा वाफ्यात उभे होते, हातात कुदळ. शेठजी सावलीत पोचले, घाम पुसला आणि म्हणाले, "पास झाली. चांगल्या नंबरानं पास झाली. अन् मशीनवर गंजाचा एक ठिपका नाही, किसनराव."

मी मायला मिठीच मारली. माय हसत होती, रडत होती, शेठजींना बसायला पोतं टाकत होती, सगळं एकदम. बाबा तसेच उभे. मग म्हणाले, "पास म्हंजे... पक्कं पास?" शेठजी म्हणाले, "पक्कं." बाबांनी कुदळ खाली ठेवली, वाफ्यातून बाहेर आले आणि मायकडे न बघता म्हणाले, "शांतीले निरोप धाड. पोराले दुसरीकडं पाय म्हना." आणि जरा थांबून म्हणाले, "भाकर हाये काय? भूक लागली."

मायनं भाकर, अंबाडी, कांदा, सगळं पुढं मांडलं. बाबा जेवले. किती जेवले! माय वाढत गेली, ते नको म्हणाले नाहीत. मग तिथंच आंब्याखाली उशाला हात घेऊन आडवे झाले, आणि शेठजी गाळलेलं पाणी पिऊन बांधापर्यंत पोचायच्या आत घोरायला लागले. थोड्या वेळानं कामरगावचा एक व्यापारी मोटारसायकलवर आला, लग्नघरासाठी त्याला सांबाराचा अख्खा वाफा हवा होता. एवढा सौदा आमच्याकडे वर्षातून एखाद्या वेळी यायचा. तो लांबूनच हाका मारायला लागला, "ओ किसनराव! ओ किसनराव!" माय तोंडावर बोट ठेवून त्याच्याकडे धावत गेली. मी मागं गेले. व्यापारी म्हणाला, "अवो बाई, उठवा ना त्याईले, मले घाई हाये."

"घाई असंन तं जा," माय म्हणाली. "पन मी नाही उठवत. वाशीमले मी नाही नाही ते बोलले त्याईले, तवापासून डोया नाही लागला त्याईचा."